पुढे न्या!

मावळात दोन गोष्टी उताराने जातात. एक पाणी, दुसरा पेशंट.

पवना धरणातलं पाणी नदीत सुटतं, रावेतच्या बंधाऱ्यावर उचललं जातं आणि पिंपरी-चिंचवडच्या नळाला येतं. बेडशाचा पेशंटही त्याच वाटेने निघतो. फरक एवढाच की पाण्याचा हिशेब टीएमसीत ठेवतात आणि ते पोचलं नाही तर महापालिकेत बोंबाबोंब होते. पेशंट पोचला की नाही, हे घरच्यांना मोबाइलला रेंज आली की कळतं.

समजा, बेडशातल्या एका आजींचा गोठ्यात पाय घसरला आणि खुबा मोडला. आजींची समजूत अशी की सरकार एकच असतं. इथेच म्हातारी चुकते. येळशाचं किंवा खडकाळ्याचं प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं. कान्ह्याचं सरकारी रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखालचं. पिंपरीचं वायसीएम महापालिकेचं आणि पुण्याचं ससून वैद्यकीय शिक्षण खात्याचं. हाड एक, खाती चार. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार फुकट झाले, चांगलंच झालं. पण हे फुकट नेमकं कोणत्या दाराशी संपतं, ते कळायला आजींना शासन निर्णय वाचता यायला हवेत. तेही स्ट्रेचरवर उताणं पडून.

या सगळ्या यंत्रणेत कधीही न संपणारं औषध एकच, ते म्हणजे चिठ्ठी. अर्ध्या पानावर दोन ओळी, ‘पुढील उपचारासाठी पाठवीत आहे’, आणि खाली गोल शिक्का, त्यातला अर्धा कागदाच्या बाहेर. नातू ती घडी घालून रेशनकार्डाच्या झेरॉक्सबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतो. पिशवीत आधीच्या दोन चिठ्ठ्या असतातच.

“आज्जे, जरा कळ काढ, आता मोठ्या दवाखान्यात चाललोय.”

“अरं, मगाशी बी तू ह्येच बोल्लास.”

यात डॉक्टरांना दोष देऊन उपयोग नाही. गणितच तसं मांडलंय. डोंगरी भागात ३,००० माणसांमागे एक उपकेंद्र आणि २०,००० माणसांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा नियम. माणसं शेवटची मोजली २०११ साली. तेव्हा पुणे जिल्हा ९४ लाखांचा भरला होता. त्यानंतर जन्मलेल्या पोरांनी ताप अंगावर काढावा हे बरं, कारण ती अजून हिशेबात यायची आहेत. शनिवार-रविवारी पवनेच्या काठी तंबू ठोकणारे, लोणावळ्यात भिजायला येणारे, एक्स्प्रेस वेवर गाडी आपटणारे तर इथल्या कुठल्याच रकान्यात नाहीत. त्यांचं डोकं फुटतं मावळात, पण जनगणनेत ते कोथरूडचे.

सरकारी दार नको असेल, तर धर्मादाय रुग्णालयं आहेत. तिथे दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या असतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून ही योजना लागू आहे. निर्धन असणं मात्र पुरेसं नाही, तसं कागदावर दिसावं लागतं. रेशनकार्ड नाहीतर तहसीलदारांचा दाखला हवा. तहसील वडगावला, खाट पुण्यात आणि आजी मधे कुठेतरी १०८ मध्ये. दाखला आणि आजी एकाच दिवशी एकाच ठिकाणी पोचल्या, तर तो योग साधल्याबद्दल ज्योतिषाचाच सत्कार करायला हवा.

बेडशाला सार्वजनिक सोयी नवीन आहेत असं नाही. वर डोंगरात, लेण्यांजवळच्या पाण्याच्या टाक्याशी एक ब्राह्मी लेख आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी महारठी घराण्यातल्या सामडिनिका नावाच्या बाईंनी ते टाकं दान दिलं, असं त्यात कोरलंय. तहान डोंगर चढल्यावर लागते, म्हणून टाकं डोंगरावर. बाईंना प्रशासनाचा अनुभव नसावा. नाहीतर त्यांनी टाकं खाली रावेतला खोदलं असतं आणि वरच्या भिक्खूंना चिठ्ठी दिली असती. आपल्या कोनशिलांवर पालकमंत्र्यांपासून सरपंचांपर्यंत सगळे मावतात. डॉक्टरचं नाव तेवढं नसतं, कारण त्यांची जागा रिक्त असते.

तेव्हा नवं रुग्णालय वगैरे खर्चिक मागण्या आम्ही करत नाही. आजींच्या वतीने एकच विनंती. दरवेळी नवी चिठ्ठी लिहिण्यात डॉक्टरांचा वेळ जातो, तो वाचवावा. एसटीच्या पाससारखा एक कायमचा कागद लॅमिनेट करून गावातच द्यावा. मजकूर: बेडसे ते ससून, मार्गे सर्व खाती. मुदत: पुढील जनगणनेपर्यंत.