शटर

तालुक्याच्या गावात फोटोग्राफर पोटासाठी तीन गोष्टी काढतो: पासपोर्ट, बारसं आणि लग्न. अलीकडे प्री-वेडिंग. याच्या पलीकडे जो काही काढायला लागतो, त्याच्याबद्दल गावाला काळजी वाटू लागते. अर्धापुरातला आमचा मित्र अंधार काढतो. त्याच्या दुकानाचं शटर सकाळी अकरा वाजले तरी खाली असतं, कारण कॅमेऱ्याचं शटर रात्री दोनपर्यंत उघडं होतं.

त्याच्या दुकानातलं कॅलेंडर बघण्यासारखं आहे. इतर फोटोग्राफर लग्नतिथींना गोल करतात, हा आवसेला करतो. चांदणं असलं की तारे फिके पडतात, म्हणून पौर्णिमेच्या आसपास हा माणूस उदास असतो. "आवसेला कुणी लग्न धरत नाही, म्हणजे धंद्याचं काय नुकसान?" हा युक्तिवाद तो बायकोला महिन्यातून एकदा ऐकवतो. त्या माऊलीनं अजून तो मान्य केलेला नाही.

आता आवसेच्या रात्री केळीच्या बागेत एक माणूस तीन पायांचं स्टँड रोवून, डोक्याला मफलर गुंडाळून, काळ्या फडक्याखाली काहीतरी खुडबुड करतोय, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. पहिल्या वर्षी लोकांना वाटलं, गुप्तधन. एका आजोबांनी लिंबू कुठंय म्हणून चौकशी केली. जादूटोणाविरोधी कायदा राज्यात 2013 मध्येच झालाय, हे सांगून कुणीतरी त्याला घाबरवलंही. गुप्तधनाचा संशय फिटला, तर नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्गाचा विषय निघाला. आमच्याकडं त्या रस्त्यासाठी जमीन द्यायला शेतकऱ्यांचा विरोध, आणि हा बांधावर स्टँड लावून उत्तरेला डोळा लावून उभा. "मोजणी करायलास का बे? रातच्याला?" म्हणत चौघं जण काठ्या घेऊन आले. यानं शांतपणे त्यांना पडद्यावर तारे दाखवले. चौघांनी एकमेकांकडं पाहिलं. मोजणीवाला परवडला असता, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

मी हे सांगू शकतो, कारण स्टँडची पिशवी वाहायला मला नेतात.

त्याचं शास्त्र ऐकण्यासारखं आहे. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, त्यामुळे शटर जास्त वेळ उघडं राहिलं की ताऱ्याचा ठिपका न राहता रेघ होते. ठिपकाच हवा असेल तर 500 ला लेन्सच्या मिलीमीटरनं भागायचं. याच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, म्हणून पुन्हा दीडनं. 18 ची लेन्स लावली तर हाताशी 18 सेकंदच उरतात. हा हिशेब त्याला झोपेतही येतो. मागच्या लग्नाची बाकी किती, हे मात्र विचारू नका.

सगळी गंमत अशी, की त्यानं या छंदासाठी गाव चुकीचं निवडलंय. आकाशगंगेचा सगळ्यात भरगच्च भाग आपल्याला दक्षिणेला दिसतो, आणि आमच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर नांदेड आहे, रात्रभर दिवाळी असल्यासारखं उजळलेलं. बरं, उत्तरेला वळावं, तर ध्रुव क्षितिजापासून जेमतेम 19 अंशांवर. हात लांब करून दोन मुठी एकावर एक ठेवल्या की तेवढी उंची होते. म्हणजे बागेत उभं राहिलं की ध्रुवाच्या पुढं केळी. अर्धापूरची केळी भारतभर जाते, पण त्याच्या फ्रेममधून काही जात नाही. शिवाय केळीचं पान हे जगातलं सगळ्यात चुळबुळं पान असावं. वारा नसतानाही हलतं. अठरा सेकंदांनी फोटोत पानाऐवजी हिरवा लापशीचा गोळा येतो.

एका हिवाळ्यात त्यानं जिद्द धरली. ध्रुवाभोवती ताऱ्यांची वर्तुळं काढायची, सलग चाळीस मिनिटं शटर उघडं. लेन्सवर दव धरू नये म्हणून मी उपरण्यानं वारा घालत बसलो होतो. अडतीस मिनिटं झाली. एवढ्यात थ्री फेजची लाईट आली. आमच्याकडं शेताची लाईट पाळीनं येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, म्हणून प्रत्येक मोटारीला ऑटो लावलेला असतो; लाईट येताच मोटार आपोआप चालू. मोटारीबरोबर पेटीवरचा बल्बही. एका क्षणात शिवारातले सगळे बल्ब पेटले, पाणी पाटात धो धो सुटलं, आणि अडतीस मिनिटांचं आकाश पांढरंफट्ट झालं. शेजारचा शेतकरी खुशीत ओरडला, "आली रे आली!" आमच्या मित्रानं काही उत्तर दिलं नाही. दोघेही एकाच उजेडाची वाट बघत जागे होते असं म्हणावं, तर तेही खरं नाही.

त्याला समोर बसवून चहा पाजला की तो हमखास 1838 सालची पॅरिसची गोष्ट सांगतो. दागेर नावाच्या माणसानं भर रहदारीच्या रस्त्याचा फोटो काढला. प्रकाश घ्यायला इतका वेळ लागला, की घोडे, गाड्या, माणसं, जे जे हललं ते सगळं फोटोतून गायब. उरला एक माणूस, कारण तो बुटाला पॉलिश करून घेत एका जागी उभा होता. "जो थांबतो तो उरतो," असं तो म्हणतो. ऐकणारा तोवर चहा संपवून निघालेला असतो.

परवाच्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, तो सासुरवाडीला, लातूरकडं गेला होता. दिवसभर शेतात कोपीशेजारी भज्जी, उंडे, आंबील. अंधार पडल्यावर पोरं पेटता हेंडगा घेऊन शेताभोवती पळतात, तेव्हा यानं स्टँड लावलं आणि पूर्ण एक मिनिट शटर उघडं ठेवलं. फोटो खरंच देखणा आला. हरभऱ्याच्या कडेनं आगीची एक सलग रेघ, वर तारे. पण पळणारा मेव्हणा नाही, मागं पळणारी पोरं नाहीत, ओवाळायला उठलेली सासू नाही, जावयाला नाव ठेवत येरझारा घालणारे सासरे नाहीत. पंधरा माणसांच्या कुटुंबातलं एकच माणूस स्पष्ट उमटलंय: कोपीच्या तोंडाशी, बॅटरीच्या उजेडात, हातात आंबिलीचा पेला घेऊन बसल्या जागी झोपलेले मामा.

मामांनी तो फोटो फ्रेम करून मागितलाय. पैसे अजून दिलेले नाहीत.