सव्वा किलो कांदे

मेटल डिटेक्टरच्या खोक्यावर वजन छापलेलं असतं आणि ते खरं असतं. गोची तिथेच आहे. ‘सव्वा किलो’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पिशवीतले सव्वा किलो कांदे येतात. हात खाली सोडलेला, चाल रमतगमत. तेच कांदे मीटरभर काठीवर ओवून, काठीचं टोक जमिनीपासून दोन बोटं वर धरून, सकाळपासून उन्हं कलेपर्यंत डावीकडून उजवीकडे फिरवायचे आहेत, हे खोक्यावर कुणी छापत नाही.

आमचे जावई इंग्लंडात सफोक परगण्यात असतात. तिथे ऑगस्टात गहू कापून झाला की शेतं मोकळी होतात आणि एरवी चारचौघांत शहाणी म्हणून वावरणारी माणसं शेतकऱ्याची परवानगी काढून, कानाला हेडफोन लावून, धसकटांतून तबकडी फिरवत हिंडू लागतात. त्यांना नावं ठेवायची सोय नाही. याच सफोकमधल्या हॉक्सन गावी 1992 साली एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला. तो शोधायला एरिक लॉज हे निवृत्त माळी डिटेक्टर घेऊन गेले, तर निघाली पंधरा हजारांच्या वर रोमन नाणी, सोन्याचे दागिने आणि चांदीचे चमचे. हातोडाही सापडला. तोदेखील ब्रिटिश म्युझियमने ठेवून घेतला. तेव्हापासून त्या भागात कुणाचा खिळा हरवला तरी शोधायला माणसं तयार असतात म्हणे.

सापडलं ते खिशात टाकलं, असं मात्र चालत नाही. खजिना ठरेल असं काही मिळालं, तर 1996 च्या ट्रेझर अ‍ॅक्टप्रमाणे 14 दिवसांच्या आत कॉरोनरला कळवावं लागतं. खांदा दुखल्याचं कळवायला कुठलंच कार्यालय नाही. ते काम घरी, महानारायण तेलाच्या बाटलीसमोर उरकायचं.

जावई पेशाने इंजिनिअर. मला शेतात उभं करून म्हणाले, “बाबा, वजनाकडे बघू नका. मोमेंट बघा.” सासऱ्याने जावयासमोर ‘हात भरून आला’ म्हणणं आमच्याकडे बसत नाही, म्हणून मी मोमेंट बघत राहिलो. हिशेब सोपा आहे. टोकाची तबकडी अर्ध्या किलोची. ती मुठीपासून मीटरभर लांब असली, तर मनगटाला पडणारा पीळ दहा सेंटिमीटरवर धरलेल्या पाच किलोंइतका. एक फेरा दोन सेकंदांचा धरला, तर तासाला 1800 फेरे. या आकड्यांपुढे मी आदराने मान डोलावली. दुखत नव्हता असा तेवढाच अवयव उरला होता.

यावरचा इलाज ऐकून मात्र मी गार झालो. मुरलेले शोधक दांड्याच्या मागच्या टोकाला, कोपराच्याही पलीकडे, मुद्दाम वजन बांधतात. काही यंत्रांत बॅटऱ्याच कोपराखाली बसवलेल्या असतात. यंत्र जड होतं आणि हात हलका होतो! हे शास्त्र मी घरी येऊन मोठ्या कौतुकाने सांगितलं. हिने ते परतीच्या प्रवासात वापरलं. “उजव्या हातात मोठी बॅग आहे ना? मग डाव्यात ही घ्या, तोल राहील,” म्हणत मुलीने दिलेला चिनी मातीचा अख्खा टी-सेट तिने माझ्या डाव्या हाताला लटकवला.

वजनाच्या बाबतीत या छंदात दोन टोकं आहेत. एका टोकाला फ्रेंच बनावटीचा डीयूस. किलोच्याही आत. तबकडीत स्वतःची बॅटरी, मधे वायर नाही, आकडे दाखवणारी डबी काढून पट्ट्याला अडकवता येते. दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रेलियातल्या सोनं शोधणाऱ्यांचा जीपीझेड 7000. तीन किलोंच्या वर. त्याच्यासोबत खांद्याकमरेला बांधायचा पट्टा आणि रबरी दोर मिळतो, म्हणजे यंत्र दोरावर लोंबतं आणि हाताने ते नुसतं ढकलायचं. तिकडच्या लोकांची चिकाटी समजू शकते. व्हिक्टोरियात 1980 साली केव्हिन हिलियर यांना डिटेक्टरने 27 किलोंचा सोन्याचा गोळा सापडला होता. असं वजन उचलायला कुणाचाही हात कुरकुरणार नाही.

आणि कुरकुर करायचीच, तर पोलिश लेफ्टनंट युझेफ कोसात्स्की यांना आठवून करावी. दुसऱ्या महायुद्धात स्कॉटलंडमध्ये बसून त्यांनी सुरुंगशोधक तयार केला. सगळा संच जवळपास 14 किलोंचा. 1942 साली एल अलामीनच्या वाळवंटात सैनिकांनी तो फिरवला. तबकडी सुरुंगावरून सुटली तर काय होईल हे ठाऊक असल्यावर मनगट दुखतं की नाही, हे बघायला बहुधा सवड होत नसावी.

आमच्या शेतात सुरुंग नसल्यामुळे मला भरपूर सवड होती, आणि त्या सवडीत एक गोष्ट ध्यानात आली. किती इतिहास सापडायचा, हे मनगट ठरवतं. सकाळी हात ताजा असतो. तबकडी जमिनीला समांतर, शिस्तीत फिरते, एक फेरा दुसऱ्यावर थोडा चढतो. कानात बारीक खरखर आली तर माणूस तज्ज्ञासारखा ‘लोखंड!’ म्हणून पुढे जातो. उन्हं चढतात तसा फेरा दोन्ही टोकांना वर उचलला जाऊ लागतो. तबकडी वीतभर उचलली की तेवढी खोली हातची गेली, मग खाली रोमन सम्राट असेना का!

जेवणानंतर तर तत्त्वंच बदलतात. यंत्र वाजलं की ते खाली ठेवून खणायला बसता येतं, आणि खणताना उजव्या हाताला विसावा मिळतो. सकाळी ज्याला ‘लोखंड’ म्हणून झिडकारलं, त्याच आवाजात आता आशेचा सूर ऐकू यायला लागतो. मी गुडघे टेकून, फावड्याने ढेकूळ अलगद उलटून, मातीत बोटं घालून एकेक खडा निरखत असे. निघायचं काय? बंदुकीच्या काडतुसाची पितळी टोपी, ट्रॅक्टरचा नट, शीतपेयाच्या डब्याची कडी. जावई लांबून ओरडायचे, “बाबा, काय मिळालं?” मी ओरडायचो, “बघतोय!” मिळत होता तो आराम. तो खजिना कॉरोनरला कळवण्याजोगा नव्हता.

खणून काढलेलं भंगार शेतात टाकायचं नाही, सोबत न्यायचं, हा तिथला रिवाज. त्यामुळे हात दमला की खणणं वाढतं, खणणं वाढलं की भंगार वाढतं आणि संध्याकाळी हातातलं यंत्र सव्वा किलोच राहून कमरेची थैली वजनाला लागलेली असते. त्यात पोलादी फावडं, थर्मास, रेनकोट आणि मुलीने बांधून दिलेला पराठ्यांचा डबा.

परवा जावयांचा फोन आला. दांडा बदलून कार्बन फायबरचा घेतायत. दोनशे ग्रॅम वाचणार आहेत. किंमत त्यांनी पौंडांत सांगितली आणि मी मनातल्या मनात रुपये करून गप्प बसलो. शेवटी राहवलं नाही. म्हटलं, “जावईबापू, फावड्याचं वजन किती हो?”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, “फावडं टायटॅनियमचंही मिळतं, बाबा.”