आमच्या स्टेशनाची संख्या

१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या डोंबिवलीची आहे. म्हणजे आमची, म्हणजे थोडीफार माझीच. नऊ एके ओळीने मांडून वर्ग केला की ही मिळते. उलटी वाचा, तीच. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी या कुळाला ‘डेम्लो संख्या’ म्हटलं, कारण कल्पना सुचली जी. आय. पी. रेल्वेच्या डेम्लो स्टेशनावर, आणि डेम्लो म्हणजे डोंबिवली. ठाण्याला नाही सुचली, कल्याणला नाही सुचली! लग्नाच्या पंगतीत शेजारी पुणेकर आला की मठ्ठा वाढायच्या आत मी हा विषय काढतो. तो शांतपणे म्हणतो, “कापरेकर फर्ग्युसनचे.” मग मी भाजीकडे वळतो.

आता त्या स्टेशनावर कुणाला काही सुचणं कठीणच. सकाळी डब्यात शिरताना माणसांचा गुणाकार होतो, उतरताना भागाकार, आणि फलाटावर बाकी उरते एक चप्पल. आपलं कोपर नेमकं कुणाच्या बरगडीत गेलंय ते कळेपर्यंत कोपर स्टेशन येतं. तरी बरं, कापरेकर तेव्हाच येऊन गेले.

असो. आमच्या वाण्याला नऊ एक्क्यांचा हा वर्ग पटेना. त्याने बारा आकडी कॅल्क्युलेटरवर गुणाकार मारला, तर कोपऱ्यात नुसता ‘ई’ उगवला. मी त्याच्याच बिलाच्या पाठीवर मांडणी केली. एक्क्यांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ वरच्यापेक्षा एक घर डावीकडे. उभी बेरीज करत गेलं की कडेला एक, मग दोन, मधोमध बरोबर नऊ. हातचा कुठेच नाही. आकड्यांची बेरीज ८१, आणि त्या ८१ने अख्ख्या संख्येला निःशेष भाग जातो. अशा संख्यांना ‘हर्षद’ हे नावही कापरेकरांचंच.

“दहा एके घ्या ना, साहेब,” वाणी म्हणाला.

नेमकं हेच मला नको होतं. दहा एके घेतले की मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा निघतो आणि उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. तिघांच्या बाकावर चौथी सीट टेकली की होतं तेच; डावीकडचा आठ बाहेर फेकला गेला.

कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीकडे शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी नाही, म्हणून आपल्याकडच्या गणितज्ञांनी सुरुवातीला त्यांचं काम फारसं मनावर घेतलं नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा मास्तरांना सत्तर वर्षं झाली होती. अमेरिकेतून पावती आल्यावर आपल्याला देवळाली दिसली! याची मला मनापासून चीड येते. अर्थात मलाही ते आठवतात पुणेकर शेजारी बसल्यावरच.

परवा अभिमानाने हीच संख्या बँकेच्या खात्याला पासवर्ड म्हणून घातली. पडद्यावर लाल अक्षरांत आलं : फारच सोपा आहे, दुसरा निवडा.