साहेबांची चौथी पाळी

भोसरीतल्या माणसाची जात-कुळी ओळखायला प्रश्नावली लागत नाही. गुरुवारी दुपारी तो घोरत पडला असेल तर कामगार. घोरता घोरता फोन उचलत असेल तर मॅनेजर. विजेचा भार एकाच दिवशी पडू नये म्हणून सरकारने उद्योगांना वार वाटून दिले, त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला. चाकणच्या गिऱ्हाइकाची सुट्टी रविवारी. म्हणजे गुरुवारी त्याचा फोन येतो, आणि रविवारी आमचं मशीन बंद पडल्याचा.

यातून माझ्यासारख्यांचं जे होतं त्याला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली खुलासा केला की हा आजार नव्हे, कामाच्या ठिकाणी घडणारा प्रकार आहे. थोडक्यात, मेडिक्लेम विसरा.

तरी कंपनीने माया केली. आम्हा सगळ्यांना लोणावळ्याच्या रिसॉर्टवर नेऊन प्रत्येकाच्या स्वभावाची चार अक्षरं काढली. कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची लेक इझाबेल या मायलेकींनी कार्ल युंगच्या पुस्तकावरून माणसांचे सोळा प्रकार पाडले. मानसशास्त्राची पदवी दोघींकडेही नव्हती. मला त्यांचा आदर वाटतो. पण रामदासांनी दासबोधाचा दुसरा दशक मूर्खलक्षणांपासून सुरू करून पढतमूर्खापाशी आणून संपवला आहे, आणि आमची दर सोमवारची रिव्ह्यू मीटिंगही साधारण याच क्रमाने चालते.

दुपारच्या सत्रात शरीराचं घड्याळ आलं. फळमाशीच्या पेशीत दिवस-रात्रीचं वेळापत्रक कसं चालतं हे शोधणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. 'तुमचा सर्वांत ताजातवाना तास ओळखा, मोठे निर्णय त्याच तासात घ्या,' ट्रेनर म्हणाला. फळमाशीला हे जमत असेल. तिला कुणाची असेंब्ली लाइन चालू ठेवायची नसते. आपल्या वाग्भटाने सकाळ कफाची, दुपार पित्ताची आणि संध्याकाळ वाताची सांगितली. आमच्याकडे साडेसहाला फर्स्ट, तीनला सेकंड, साडेअकराला नाइट. पित्त तिन्हीत. त्यात जर्मनीचं घड्याळ आपल्या मागे, उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. तिकडचा साहेब सकाळी ताजातवाना होऊन मेल टाकतो तेव्हा माझी जेवणानंतरची गुंगी ऐन रंगात आलेली असते.

खरा स्वभावतज्ज्ञ आमच्या शॉपवरच आहे. फोरमन मामा. ज्याला बोलल्याशिवाय राहवत नाही, त्याला ते इन्स्पेक्शनच्या टेबलाशी बसवत नाहीत. डिस्पॅचला देतात, ट्रान्सपोर्टवाल्यांशी भांडायला. शंकेखोराच्या हाती गेज. सकाळी डोळे न उघडणारे दोघे कायम सेकंडला, आणि घरी नवं बाळ असलेला स्वतःहून नाइट मागतो, तर त्याला मामा मुद्दाम फर्स्ट देतात. 'तो झोपायला येतोय साहेब, कामाला नाही.' चार अक्षरांची भानगड नाही, सगळं ओल्या वेस्टच्या चिंधीला हात पुसता पुसता ठरतं.

आणि तीनचा भोंगा झाला की हा माणूस चार्ज रजिस्टर भरतो. किती पीस झाले, कोणतं टूल बदललं, कूलंट कुठे गळतंय. पुढच्या पाळीच्या फोरमनची सही घेतो आणि भाजी घेऊन घरी जातो. त्यानंतर त्याला फोन लागत नाही. लागला तरी त्यांची सूनबाई उचलते.

एकदा मी रात्री साडेअकराला गेटवर उभा होतो, पाटा मोडला म्हणून मोशीजवळ अडकलेल्या टेम्पोची वाट बघत. त्या आठवड्यात सेकंडला असलेले मामा घरी निघाले होते. थांबून म्हणाले, 'साहेब, आमच्या पाळ्या तीन. तुमची कितवी?'

'चौथी.'

'मग चार्ज कुणाला देता?'

प्रश्न डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी स्टोअरला सांगून माझ्यासाठी एक चार्ज रजिस्टर मागवलं. स्टोअरवाल्याने रीतसर रकाने आखले, देणाऱ्याच्या खाली माझं नाव टाकलं आणि पेन उचलून विचारलं, 'सर, घेणाऱ्याच्या जागी कुणाचं लिहू?'