टॉवेलाची साक्ष

आमच्या सोसायटीतल्या नानांचं पित्ताशय दोन वर्षांपूर्वी दुर्बिणीने काढलं. पित्ताशय गेलं ते गेलंच, जाताना पित्तनलिकेवरही कात्री चालली. नाना हळदीसारखे पिवळे होऊन दुसऱ्या हॉस्पिटलात भरती झाले, तिथे पोट पुन्हा उघडून घेतलं आणि बरे झाल्यावर ग्राहक आयोगाची पायरी चढले. वकील म्हणाले, "केस पक्की आहे. फक्त एखाद्या सर्जनचं लेखी मत आणा."

'फक्त' हा शब्द वकिलांचा, माझा नाही.

नानांबरोबर मीही फिरलो. पहिल्या सर्जननी फाइल उघडली, एमआरसीपीची, म्हणजे पित्तमार्गाच्या स्कॅनची, फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाले, "अरेरे, काय करून ठेवलंय हे! पित्ताशयाची नळी समजून मुख्य नळीच कापलीय!" नानांचे डोळे भरून आले. "डॉक्टरसाहेब, एवढंच लिहून द्या." तशी फिल्म पाकिटात गेली. साहेबांनी चष्मा काढला, सावकाश पुसला, पुन्हा चढवला आणि म्हणाले, "तसं हे नोन कॉम्प्लिकेशन आहे हो. कोणाच्याही हातून होतं." नळी तीच होती, चष्माही तोच.

दुसरे सर्जन 'त्यांच्या'च, म्हणजे नळी कापणाऱ्या सर्जनच्याच, बॅचचे निघाले. तिसऱ्यांची ओपीडी 'त्यांच्या'च चिठ्ठ्यांवर चालते. चौथे मात्र भला माणूस. दार लावून घेत म्हणाले, "नाना, उलटतपासणीत वकील मला विचारणार, डॉक्टर, तुमच्या हातून असं कधीच झालं नाही का? मी काय सांगू?" नानांनीच त्यांना पाणी दिलं.

या सगळ्याच्या मुळाशी इंग्लंडमधला 1957 चा बोलम खटला आहे. जबाबदार डॉक्टरमंडळी ज्या पद्धतीला योग्य मानतात तसं डॉक्टर वागला असेल, तर तो निष्काळजीपणा नव्हे, असं तिथे ठरलं. कसोटी बोटीने आपल्याकडे आली, वाटेत 'जबाबदार' शब्द समुद्रात पडला आणि किनाऱ्याला नुसती मंडळी लागली. पुढे 2005 साली जेकब मॅथ्यू खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की डॉक्टरवर फौजदारी तक्रार करायची तर दुसऱ्या सक्षम डॉक्टरचं मत जोडा. पोलिसांनीही आधी तज्ज्ञाचं मत घ्यावं, शक्यतो सरकारी सेवेतल्या डॉक्टरचं. ऊठसूट सर्जनच्या दंडाला धरणाऱ्या हवालदाराला आवर घालायलाच हवा होता, हे मलाही मान्य. ग्राहकाच्या प्रत्येक तक्रारीला तज्ज्ञ लागत नाही, असंही याच कोर्टाने 2010 साली सांगून ठेवलंय. पण पित्तनलिका काही रस्त्यावरचा खड्डा नव्हे, की आयोगाच्या अध्यक्षांनी येता-जाता बघावा.

मग प्रकरण सरकारी समितीकडे गेलं. चार महिन्यांनी अभिप्राय आला: "उपचार प्रचलित वैद्यकीय पद्धतीनुसार झाल्याचे दिसून येते. तथापि अधिक काळजी घेता आली असती किंवा कसे, याबाबत निश्चित मत देता येत नाही." या वाक्याला ना डोकं ना शेपूट, सह्या मात्र पाच.

समोरच्या बाजूला तज्ज्ञांचा दुष्काळ नव्हता. तिघांची प्रतिज्ञापत्रं आली. तिन्हींत चौथ्या परिच्छेदात 'डक्ट'चं स्पेलिंग सारखंच चुकलेलं. यालाच बहुधा वैद्यकीय एकमत म्हणत असावेत.

वकिलांनी मग नानांना औरंगाबादचा खटला सांगितला. जुलै 1963 मध्ये तिथल्या सरकारी रुग्णालयात एका बाळंतिणीवर नसबंदीची शस्त्रक्रिया झाली आणि पोटात टॉवेल राहिला. दुसऱ्या डॉक्टरांनी पोट उघडलं तेव्हा तो सापडला. बाई वाचल्या नाहीत. सुप्रीम कोर्ट म्हणालं, इथे वस्तूच बोलते आहे. मला विचाराल तर असा साक्षीदार पुन्हा होणे नाही. टॉवेल कुठल्या असोसिएशनचा सभासद नव्हता, कोणाचा बॅचमेट नव्हता, कट प्रॅक्टिसमध्ये तर नव्हताच. त्याने चष्माही पुसला नाही.

"मग झालं ना त्यांचं काम?" नानांनी आशेने विचारलं.

झालं. मधे हायकोर्टाने उलटा निकाल दिला होता, तो सुप्रीम कोर्टाने 1996 साली फिरवला. भरपाई 36,000 रुपये. नानांनी बोटांवर हिशेब केला. टॉवेलाला 33 वर्षं लागली. नाना 71 चे आहेत आणि त्यांच्या पोटात तर टॉवेलही नाही.

पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. तरी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा अनुभव असलेले, शक्यतो निवृत्त, परगावचे आणि स्वतःच्या सहीला न घाबरणारे सर्जन कोणाच्या माहितीत असल्यास कृपया कळवावे. जाण्यायेण्याचा खर्च नाना देतील.