मूळपुरुष

प्रत्येक हाउसिंग सोसायटीत लिफ्टच्या खर्चाचा हिशेब मागणारा एक जण असतो, पार्किंगवरून भांडणारा एक असतो आणि एक मूळपुरुष असतो. पहिल्या दोघांचं वार्षिक सभेत भागतं. मूळपुरुषाला बाराही महिने श्रोता लागतो.

वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. एप्रिलच्या पुण्यात डोक्यावर कुल्लूची टोपी, खांद्याला भांगेच्या धाग्याची पिशवी आणि पायात त्याच धाग्याचे ‘पूला’. पूला कुल्लूकडे थंडीत घरात वापरतात. हा ते घालून भाजी आणायला जातो. भाजीवालीला विचारतो, “टोमॅटो गावरान ना?” ती मान वर न करता म्हणते, “गावरानच की हो काका,” आणि समोरच्या ढिगातलेच तोलते. दोघांचंही समाधान होतं.

जगात जे जे आहे ते आधी अस्सल होतं आणि साधारण याच्या मुंजीनंतर त्यात भेसळ सुरू झाली, अशी त्याची ठाम समजूत आहे. आंबेमोहोराचा वास गेला, मालदांडीची भाकरी पहिल्यासारखी फुगत नाही, कोंबडीबद्दल तर शाकाहारी असूनही तो हळहळतो. पण या सगळ्या नुसत्या पायऱ्या. कळस म्हणजे गांजा.

दचकायचं कारण नाही. मूळपुरुषाने जन्मात चिलीम हातात धरलेली नाही. त्याला उदबत्तीनेसुद्धा ठसका लागतो. तो ‘गांजा’ असं म्हणतही नाही, ‘लँडरेस’ म्हणतो. हा शब्द त्याने सोसायटीच्या कोजागरीला पहिल्यांदा काढला, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे बिल्डर खुर्ची ओढून जवळ आले, कारण त्यांना नुसतं ‘लँड’ ऐकू आलं होतं. एकाच मुलखात पिढ्यान्‌पिढ्या, तिथल्या पाऊसपाण्यात आणि तिथल्या शेतकऱ्याच्या हाताखाली घडत आलेलं वाण म्हणजे लँडरेस. त्याचं बियाणं दुकानातून येत नाही, गेल्या हंगामातून येतं, हे सगळं ऐकून झाल्यावर बिल्डरांनी खुर्ची होती तिथे नेऊन ठेवली.

कुणी भुवई उंचावली की मूळपुरुष कायदा काढतो. 1985च्या अमली पदार्थांच्या कायद्यातली गांजाची व्याख्या त्याला रामरक्षेआधी पाठ आहे. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांसोबत नसतील तर बिया आणि पानं त्या व्याख्येत बसत नाहीत. हे तो बायकोच्या भिशीच्या बायकांनाही सांगतो. त्याच्या बाल्कनीत मात्र तुळस, झेंडू आणि कढीपत्ता याखेरीज काही नाही. व्याख्या पाठ असली तरी चौकीवर ती म्हणून दाखवायची वेळ येऊ नये, एवढं व्यवहारज्ञान बँकेने त्याला दिलेलं आहे.

लग्नाच्या पंगतीत त्याच्या शेजारी बसणं हा एक अनुभव आहे. वाढपी मसालेभात वाढतो. हा विचारतो, तांदूळ कुठला? वाढप्याला माहीत नसतं. मग आजऱ्याचा घनसाळ, तिथून हवामान, तिथून दिवसाची लांबी आणि जिलबी येईपर्यंत आपण हिमाचलात मलाणा गावी पोचलेलो असतो. गांजाचं झाड दिवस लहान होऊ लागले की फुलावर येतं. मलाण्यासारख्या साडेआठ हजार फुटांवरच्या गावात बर्फ पडायच्या आत त्याला सगळं उरकावं लागतं. केरळातल्या इडुक्कीच्या डोंगरातलं झाड निवांत. पातळ लांब पानांचं, उंच, फुलायला महिनोन्‌महिने घेणारं. तिथलं बी कुल्लूत नेऊन पेरलं तर फुलोरा भरायच्या आत हिवाळा गाठतो. “म्हणजे बी नुसतं बी नसतं हो, त्यात पंचांग असतं,” असं तो म्हणतो. हे वाक्य खरोखरच चांगलं आहे. तेवढ्यात आपल्या पानातली जिलबी गार झालेली असते ही गोष्ट वेगळी.

मलाणा हे त्याचं पंढरपूर. दर वर्षी सप्टेंबर संपताना तो पार्वती नदीच्या खोऱ्यात जातो. कसोलच्या कॅफेत बसलेल्या तरुणांना तो तुच्छ लेखतो आणि ते त्याला कुणाचे तरी हरवलेले वडील समजतात. मलाण्यात परक्याने देवळाला, घराच्या भिंतीला हात लावायचा नाही. लावला तर दंड. मूळपुरुष पहिल्याच खेपेला बोलता बोलता एका भिंतीला टेकला आणि दंड भरून आला. इतर प्रवासी ही गोष्ट लपवतात. हा पंगतीत सांगतो, बढती मिळाल्याच्या सुरात.

मलाण्याचे लोक सिकंदराच्या सैनिकांचे वंशज, ही दंतकथा कुणी काढली की तो भडकतो. “कसला सिकंदर? तिथला देव जमलू. जमलू म्हणजे जमदग्नी. जमदग्नींची बायको रेणुका. रेणुका कुठली? आपल्या माहूरची! म्हणजे मलाणा आपल्या देवीचं सासर झालं.” देवीच्या माहेरचा माणूस या नात्याने तो तिथे मान मागत असणार, असा आम्हाला संशय आहे. भिंतीला टेकण्याचं धैर्य उगीच येत नाही.

तिथे उभ्या झाडाची फुलं दोन्ही तळव्यांत हलक्या हाताने चोळून जी काळी मळी गोळा करतात, तो चरस जगभर महाग विकला गेला आणि गाव त्यापायी बदललं. मूळपुरुषाला त्या मळीत रस नाही. त्याचं दुःख परागाचं आहे. या झाडात नर वेगळा, मादी वेगळी, आणि लग्न जुळवणारा वारा. पराग कोसच्या कोस जातो. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत खोऱ्यात येणाऱ्या परदेशी पाहुण्यांनी आपल्याकडची संकरित बियाणी खिशातून आणली, काहींनी पेरली आणि खालच्या शेतांतला पराग वरच्या शेतांत गेला. तेव्हापासून मूळपुरुष दर वर्षी आदल्या वर्षीपेक्षा थोडं वर चढतो, जिथे अजून काही मिसळलेलं नाही असं शेत शोधत. त्याचे गुडघे आणि ते शेत यांतलं अंतर दर वर्षी वाढत चाललंय.

एकदा अशाच एका उंचावरच्या बांधावर त्याला एक म्हातारी भेटली. याने गहिवरून विचारलं, “माताजी, ये बीज असली है? पुराना है?” म्हातारीने झाडाकडे पाहिलं, याच्याकडे पाहिलं आणि सांगितलं, “पुराना नहीं है. पिछले साल का है.”

माझं मत विचाराल तर सगळ्या वाङ्‌मयात लँडरेसची याहून नेमकी व्याख्या मिळायची नाही. कारण अशा वाणात शुद्ध असं काही नसतंच. एकाच शेतातली दोन झाडं सारखी निघत नाहीत. एक लवकर फुलतं, एक उशिरा, एकाला वास पाडाच्या आंब्याचा तर दुसऱ्याला रॉकेलचा. दरसाल बर्फ काही झाडं मारतं, बुरशी काही मारते, उरलेल्यांतली म्हातारीला बरी वाटतात त्यांचं बी राहतं. झाडासारखं झाड काढायचं तर ते कंपनीच्या बियाण्याने निघतं. लँडरेसकडे शुद्धतेचा दाखला मागणं म्हणजे दादर स्टेशनवरच्या सकाळच्या गर्दीला गोत्र विचारणं. हे मी मूळपुरुषाला एकदा सांगून पाहिलं. त्याने मला गर्दीचं मूळ सांगितलं.

खुद्द त्याचं स्वतःचं मूळही फारसं सरळ नाही. आजोळ बेळगावचं, वडील इंदुरात वाढलेले, बायको नागपूरची आणि सून मल्याळी. मात्र पणजोबा नगर जिल्ह्यातले, आणि तिथेच त्याची छाती फुगते. कारण इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यातल्या गांजाच्या लागवडीत नगरचं, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचं, नाव मोठं होतं. मध्य प्रांतात खंडवा आणि बंगालात नौगाव तसं इकडे नगर. 1893 साली सरकारने मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली भांग-गांजा-चरसाच्या चौकशीसाठी आयोग नेमला. आयोगाने 1,193 साक्षी घेतल्या आणि माफक सेवनाने फारसा अपाय होत नाही, सरसकट बंदी नको, कर आणि नियंत्रण ठेवा, असा निष्कर्ष काढला. मूळपुरुषाच्या मते त्या साक्षीदारांत त्याचे पणजोबा होते. अहवालाचे खंड त्याने दोनदा चाळले. पणजोबा सापडत नाहीत. इंग्रजाने आडनावाचं स्पेलिंग बिघडवलं असणार, यावर तो ठाम आहे.

याच अहवालात त्याचा आवडता उतारा आहे. बंगालात शेत फुलावर यायच्या सुमाराला एक जाणकार बोलवायचे. त्याला पोद्दार किंवा परखदार म्हणत. तो सरीसरीतून फिरायचा आणि नर झाडं ओळखून उपटायला लावायचा. नर राहिले तर माद्यांत बी धरतं आणि मालाचा कस जातो. हे वर्णन मूळपुरुष भक्तिभावाने वाचून दाखवत होता, तेव्हा आतून बायकोचा आवाज आला, “अहो, पुण्यात मिळतो का तो पोद्दार?”

त्याला खरा धक्का दिला तो विज्ञानाने. 2021 साली 110 जनुकसंचांच्या अभ्यासातून असं निघालं की हे झाड माणसाने पहिल्यांदा लागवडीखाली आणलं ते पूर्व आशियात, चीनच्या बाजूला, सुमारे बारा हजार वर्षांपूर्वी. मूळपुरुषाच्या घरी चार दिवस सुतकासारखे गेले. पाचव्या दिवशी तो जिन्यात भेटला आणि म्हणाला, “मूळ एवढं महत्त्वाचं नसतं. संस्कार महत्त्वाचे.” असे लोक खचत नाहीत.

गेल्या वर्षी तो टोरांटोला मुलाकडे जाऊन आला. कॅनडात 2018पासून गांजा कायदेशीर आहे आणि दुकानात चहाच्या पुड्यांसारखा मांडलेला असतो. मुलगा बापाला कौतुकाने तिथे घेऊन गेला. फळ्यांवर पाट्या होत्या: इंडिका, सतीवा, हायब्रिड. झालं. काउंटरवरच्या पोराला मूळपुरुषाने 1753च्या लिनियसपासून धरलं. लिनियसने युरोपातल्या भांगेला सतीवा म्हटलं. 1785मध्ये लामार्कने भारतातून आलेली झाडं पाहून इंडिका हे नाव दिलं, आणि ती झाडं उंच, अरुंद पानांची होती. तुम्ही आज इंडिका म्हणून विकता ती बुटकी, रुंद पानांची जात अफगाणिस्तानकडची. आणि आमच्या हिंदुस्थानच्या झाडाला सतीवाच्या फळीवर बसवता! “इंडियाच्या झाडाला इंडिका म्हणायची सोय राहिली नाही, हा काय न्याय झाला?” मागे रांग लागली. पोरगा लुधियान्याकडचा होता. त्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “अंकलजी, गोडे दुखते हैं? उसके लिए क्रीम है.” मूळपुरुष बाणेदारपणे भांगेच्या तेलाचा एक साबण घेऊन बाहेर पडला. गुडघे खरोखरच दुखत होते, हे मुलाने आईला फोनवर सांगितलं.

एवढं असून त्याच्या संग्रहात बी असं एकच. कुमाऊंत भांगेच्या बियांची चटणी करतात. तिथल्या वाण्याकडे त्या राजरोस मिळतात. अल्मोड्याहून त्याने पावशेर आणल्या, बोर्नव्हिटाच्या बरणीत भरल्या आणि ‘जर्मप्लाझम’ अशी चिठ्ठी लावून फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या मागे ठेवल्या. बरणीला कुणी हात लावायचा नाही, असा मलाण्यातला नियम त्याने घरात जाहीर केला. दंडाची रक्कम तेवढी सांगितली नव्हती.

परवा त्याने आम्हाला जेवायला बोलावलं. भाकरीबरोबर एक करड्या रंगाची, खमंग, लसूण-मिरचीची चटणी होती. बायकोने ती जवसाची म्हणून वाढली. मूळपुरुषाने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि जवस कसं अस्सल, गावरान असलं पाहिजे यावर तो सात-आठ मिनिटं बोलला. मग दुसऱ्यांदा चटणी मागून घेतली. तिसऱ्यांदा मागितली तेव्हा बायको वाटी खरवडत म्हणाली, “जर्मप्लाझम संपलं. पुढच्या खेपेला अर्धा किलो आणा.”