धक्क्याला चार माणसं

जुन्या गाडीला एका वेळी एकच दुखणं असेल, तर मध्यमवर्गीय माणूस ते वर्षानुवर्षं जोपासू शकतो. आमच्या १९९९ सालच्या मारुती आठशेचा सेल्फ वयोमानानं रुसायला लागला, तेव्हा आमचं काहीच अडलं नाही. सहकारनगरात राहणाऱ्याला तळजाईचा उतार म्हणजे सरकारनं फुकट दिलेला सेल्फ. किल्ली फिरवायची, क्लच दाबून दुसरा गिअर टाकायचा, हँडब्रेक सोडायचा आणि गाडीनं जरा वेग धरला की क्लच सोडायचा. एक आचका बसतो, इंजिन चालू. सपाटीवर अडलो तर धक्क्याला चार माणसं पुण्यात सहज मिळतात. म्हणजे सल्ल्याला आठ मिळतात, त्यातली निम्मी हळूहळू धक्क्याकडे वळवावी लागतात.

पेच पडला तो गिअरची दांडी सैल झाल्यावर. खिचडीत रोवलेल्या पळीसारखी ती चारी दिशांना फिरू लागली. गिअर इनमिन चार आणि एक रिव्हर्स, पण आज कोण कुठं राहायला गेलाय याची रोज सकाळी चौकशी करावी लागे. धक्कास्टार्टला दुसरा गिअर लागतो. दुसऱ्याच्या शेजारी चौथा, चौथ्याच्या पलीकडे रिव्हर्स. मागून चार सज्जन जीव तोडून ढकलतायत, मी आत्मविश्वासानं क्लच सोडतो आणि गाडी पाय रोवून जागच्या जागी उभी! त्यांतल्या एकानं खिडकीशी येऊन विचारलं, ‘‘तुम्हाला नक्की जायचंय ना?’’

गॅरेजवाल्यानं निदान केलं : सेल्फ नवा घाला आणि गिअरबॉक्स उतरवून बघावा लागेल. त्याचा आकडा ऐकून मी मनातल्या मनात गाडीची भंगारातली किंमत काढली. आकडा वरचढ निघाला.

मग स्वतःच तपास हाती घेतला. हेडलाइट लावून किल्ली फिरवायची आणि दिव्यांकडे बघायचं. दोन हेडलाइट दहा-एक अँपिअरवर भागवतात. सेल्फ मात्र सुरू होताना शंभराच्या वर ओढतो. त्यामुळे दिवे एकदम मलूल झाले, तर बॅटरी अशक्त आहे किंवा तिच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर साचलाय. तो गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून निघतो. आमचे दिवे लख्ख राहिले आणि आतून नुसतंच ‘टक’ आलं. म्हणजे सेल्फच्या पोटातलं दुखणं.

तोवर आम्ही त्यावर पारंपरिक उपचार करत होतो. मी बॉनेटमध्ये वाकून सेल्फच्या अंगावर पान्यानं हलकेच ठोके मारायचे आणि हिनं किल्ली फिरवायची. ‘‘अहो, आता?’’ ‘‘थांब.’’ ‘‘आता?’’ ‘‘आता!’’ आणि सेल्फ फिरायचा. यात चमत्कार काही नाही. सेल्फमध्ये कार्बनचे छोटे ठोकळे असतात. स्प्रिंग त्यांना तांब्याच्या फिरत्या कॉम्युटेटरवर दाबून धरते. ठोकळे झिजून आखूड झाले की स्प्रिंगचा हात पोचत नाही. ठोक्यानं ते जरा सरकतात आणि टेकतात. पुन्हा झिजेपर्यंत संसार चालू.

कार्बन आणायला नाना पेठेत गेलो. तिथे पहिला प्रश्न ‘‘नमुना आणलाय?’’ असाच असतो. मी खिशातून झिजलेला तुकडा काढला. दुकानदारानं तो उजेडात धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाला, ‘‘पैसे वसूल केलेत हो!’’ पुण्यात एवढी दाद गाणाऱ्यालासुद्धा मिळत नाही. नवा संच शंभराच्या नोटेत बसला. गिअरचे बुश थोडे महाग, पण तेही हॉटेलातल्या दोन मिसळींच्या आत.

सेल्फ काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची, हे न विसरण्याजोगं पथ्य. बाकी सगळं रविवारच्या पुरवणीवर मांडून निवांत करता येतं. आतून काजळीसारखी भुकटी निघाली, काळवंडलेला कॉम्युटेटर पॉलिश पेपरनं पुन्हा तांबूस झाला. एक स्प्रिंग उडून चपलांच्या कपाटाखाली गेली. ती शोधताना दोन वर्षांपूर्वी हरवलेला सांडशीचा स्क्रू सापडला, त्यामुळे स्वयंपाकघरातूनही मोहिमेला पाठिंबा मिळाला.

गिअरसाठी गाडीखाली शिरावं लागतं. नुसत्या जॅकवर विश्वास टाकून शिरू नये. मी जुन्या बाजारातून लोखंडी स्टँड आणले होते. दांडीपासून गिअरबॉक्सकडे जो रॉड जातो त्याच्या टोकाच्या बुशचा पार चुरा झाला होता. गिअरबॉक्स बिचारा निर्दोष होता. नवा प्लास्टिकचा बुश जागेवर बसायला तयार होत नाही; त्याला गरम पाण्यात ठेवून मऊ करावं लागतं. मी तो चहाच्या पातेल्यात ठेवला. स्वयंपाकघराचा पाठिंबा तिथे संपला.

संध्याकाळी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या हाकेला ओ देऊन उठली. दांडी खट्‌कन दुसऱ्यात. तळमजल्यावरचे काका सवयीनं कॅनव्हासचे बूट घालून खाली उभे होते.

‘‘आज धक्का नको?’’

‘‘नको, काका. दुरुस्त झाली.’’

‘‘अस्सं,’’ ते म्हणाले. बँकेतून निवृत्त झाले त्या दिवशीसुद्धा त्यांचा चेहरा इतका पडला नसेल.

एक परिणाम मात्र माझ्या हिशेबात नव्हता. इतकी वर्षं ती गाडी माझ्याशिवाय कुणालाच चालवता येत नव्हती, चोरालाही नाही. आता कुणालाही येते. हिचं लायसन्स कपाटातून बाहेर आलं आणि गाडी हडपसरला बहिणीकडे, तिथून दोघींना घेऊन लक्ष्मी रोडला अशी हिंडू लागली. परवा दुपारी फोन आला. ‘‘अहो, खिडकीची काच खाली गेली ती वर येत नाहीये. पान्यांची पेटी घेऊन हडपसरला या.’’

‘‘येतो. पण कशानं?’’

‘‘बस आहे की,’’ ही म्हणाली.